मोहरीबाई आणि कवठातला कोबी

“अगं, यांच्या घरात कोबी उंबरा ओलांडत नाही म्हणे. आणि या आपल्याला कोबी शिकवणार!”

पुढच्या रांगेतली ही कुजबुज मला ऐकू आली, म्हणजे बाईंनाही ऐकू गेली असणार. त्या माझ्याहून जवळ उभ्या होत्या. पण त्यांचा हात थांबला नाही. पाट्यावर वाटलेली मोहरी वाडग्यात घेऊन, पाण्याचा एकेक थेंब सोडत, त्या ती तळहाताने फेसत होत्या. मोहरीला फेस आला, रंग उतरला, आणि पहिल्या रांगेतल्या मुली शिंकू लागल्या. बाईंनी डोळ्यांतलं पाणी पदराने टिपलं, वाडगं खाली ठेवलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “कोबी ओलांडत नाही, खरं आहे. मी ओलांडते.”

त्या दिवसापासून त्या आमच्या मोहरीबाई झाल्या.

लढाईचे दिवस होते. नगरला तेव्हा लष्कराची वर्दळ इतकी वाढली होती की भिंगारच्या बाजूला नवे दवाखाने उभे राहत होते, आणि तिथल्या स्वयंपाकघरांत शिकलेली माणसं हवी होती. म्हणून अधिकाऱ्यांच्या मडमांनी एक कमिटी करून बायकांसाठी पाकशास्त्राचा वर्ग काढला. शिकवायचे पदार्थ पुण्याहून ठरून येत. व्हाइट सॉस, स्ट्यू, कस्टर्ड, कोलस्लॉ म्हणजे कच्च्या कोबीची विलायती कोशिंबीर. ही नावं मला सोपी होती, कारण माझं सगळं शिक्षण पुण्याच्या इंग्रजी शाळेत झालं होतं. वडिलांची पाटबंधारे खात्यातून नगरला बदली झाली, पुढे कॉलेज नव्हतं, आणि घरात बसून मी आणखीच मुकी होईन या भीतीने त्यांनी मला या वर्गात घातलं. शाळेत मराठी बोललं की दंड होता, नगरला इंग्रजी बोललं की हसू होतं. मी मधला मार्ग काढला होता. बोलतच नव्हते.

बाईंच्या वाट्याला पाकशास्त्र यावं यात नशिबाने थोडी थट्टाच केली होती. लहानपणीच नवरा गेला. सासरा भिक्षुकी करणारा, पण मनाने मोठा. त्याने सुनेला शिकू दिलं, ट्रेनिंगला पाठवलं, आणि नोकरीची परवानगी देताना एवढंच कबूल करून घेतलं की बाहेर जे शिजवशील ते तोंडात घालायचं नाही. सासरा गेला. आता बाई माळीवाड्यात दिराच्या घरी राहत. तिथे कोबी, टोमॅटो, शिरका म्हणजे व्हिनेगर, सगळंच विलायती आणि म्हणून वर्ज्य. बाई दिवसभर या वस्तूंत हात बुडवून असत, संध्याकाळी घरी जाऊन अंघोळ करत आणि भाकरी खात. वर्गात शिजवलेल्याचा एक कण त्यांच्या जिभेला लागलेला कुणी पाहिला नाही.

“बाई, येक घास खाऊन बगा की. कोन बगतंय हितं?” असं वर्गातल्या हौसाने एकदा विचारलं.

“मी बघते ना,” बाई म्हणाल्या.

“आन् ज्यांनी शबूद घेतला ते तर गेले.”

“घेणारे गेले. देणारी आहे अजून.”

हौसा राहुरीकडची. नवऱ्याने टाकलेली, पण त्याबद्दल बोलताना जणू तिनेच त्याला टाकलं अशा थाटात बोलणारी. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळवायची, एवढ्यासाठी ती आली होती. वर्गात दोघींच्या जोड्या असत आणि कुणालाच नको असलेल्या आम्ही दोघी एकत्र आलो. ती फार बोलायची म्हणून, आणि मी मुळीच नाही म्हणून. मला ती ‘मुकी मडम’ म्हणायची. “मुके मडम, जरा कोबी सरकव हिकडं. बोलू नगं, निस्ता सरकव.”

न चाखणारी बाई स्वयंपाक कसा शिकवते, हे लोकांना कोडं वाटे. बाई वासावरून सांगत, आवाजावरून सांगत. कोबी चिरताना सुरीचा आवाज करकर न येता मऊ आला की म्हणत, “शिळा आहे, रश्शात घाला.” मीठ कधी घालायचं ते सांगत, किती ते हातात घेऊन दाखवत. पण शेवटचा निवाडा त्या मुलींच्या जिभेवर सोडत, आणि तो निवाडा शब्दांत मागत. कोलस्लॉ पहिल्यांदा केलं त्या दिवशी त्यांनी मला उभं केलं.

“काय लागतंय?”

“बरं आहे,” मी कशीबशी म्हणाले.

“बरं ही तापानंतरची तब्येत. मी चव विचारली.”

मी आणखी एक घास घेतला.

“मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत सांग.”

“नाइस,” मी म्हणाले.

“म्हणजे परत बरंच की,” बाई म्हणाल्या आणि वर्ग खदखदला. मला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. पण बाई हसत नव्हत्या. त्या वाट बघत होत्या. माणूस विहिरीत पोहरा सोडून पाण्याची वाट बघतो तशा.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुटला की त्या मला थांबवून घेऊ लागल्या. तळहातावर कधी चिंच ठेवायच्या, कधी आवळा, कधी कारळं, कधी नुसतं ताक. डोळे मिटायला सांगायच्या. आंबट कुठे लागलं, जिभेच्या शेंड्याला की कडेला? आवळा तुरट म्हणतेस, मग पाणी प्यायल्यावर काय झालं? आंबट आणि आंबूस यांत काय फरक? मी अडखळे, त्या थांबत. खवट, उग्र, मचूळ, खमंग, मिळमिळीत हे शब्द मी पुस्तकात नाही, जिभेवर शिकले. मी सांगू लागले की बाई डोळे मिटून मान कलती करत, लांबून येणारं गाणं ऐकावं तशा. एकदा दुधावरच्या सायीबद्दल मी चांगली चार वाक्यं बोलले. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, “आज माझं जेवण झालं.”

इतर मुलींना याचं नवल वाटे. वर्गात तोंडाळ मुली ढिगाने होत्या, मग हीच का? बाईंना कुणीतरी विचारलंही. त्या म्हणाल्या, “जी बडबडते ती मला आवडेल ते सांगते. ही गप्प आहे, म्हणजे आत काहीतरी मोजतेय.”

फोडणीचा प्रसंग मात्र हौसाचा. कोलस्लॉमध्ये बारीक चिरलेला कच्चा कोबी साय फेटून तिच्यात कालवायचा, एवढंच काम. आमचा कोबी चांगला जमला होता. मी पाणी आणायला गेले आणि आले तर हौसाने कढल्यात हिंग-जिऱ्याची फोडणी करून ती चर्रकन त्या गार सायीवर ओतलेली. साय फाटली, तूप सुटलं, कोबी मरगळून तळाशी बसला.

“हे काय केलंस?” बाई म्हणाल्या.

“कोशिंबीरच न्हवं का ही? फोडनीबिगर कोशिंबीर म्हंजी कुकवाबिगर कपाळ...” हौसाच्या तोंडून गेलं आणि तिने दातांखाली जीभ धरली. बाईंचं मोकळं कपाळ आमच्यासमोर होतं.

बाई मात्र पोट धरून हसल्या. त्यांना तसं हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. “बये, कपाळ तसंही चालतं. चालवायचं असतं ते त्याच्या आत असतं. जा, दुसरा कोबी घे.” आणि मग, हौसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून, “रडायचंच आहे तर मोहरी फेस. कारणी लागेल.”

फोडणीशिवाय त्या पदार्थाला धार येत नव्हती, ही हौसाची तक्रार मात्र बाईंनी मनावर घेतली. पुण्याच्या कृतीत शिरका आणि अननस होता. शिरका मिळे तो दारूसारखा उग्र. अननस डब्यात येई, आणि लढाईमुळे ते डबे आता फक्त छावणीत जात. एक दिवस बाईंनी फळ्यासमोर उभं राहून विचारलं, “अननस काय करतो? आंबट, गोड आणि वास, तिन्ही कामं एकटा करतो. आपल्या जिल्ह्यात असा एकटा कोण आहे?”

कुणी पेरू म्हणालं, कुणी चिंच, कुणी पपई. बाई मान हलवत राहिल्या.

“कवाट!” हौसा ओरडली. “आमच्या बांधावर हाय. शिवरात्रीला समदं गाव चटनी करतं, बाकी वरीसभर वानरं खात्यात.”

पुढच्या आठवड्यात ती गाठोडंभर कवठं घेऊन आली. बाईंनी एकेक कवठ हातभर उंचीवरून फरशीवर सोडलं. काही चेंडूसारखी उसळली, ती बाजूला. “कच्चं आहे, घसा धरेल.” जी पडली तिथेच मुकाट राहिली, ती घेतली. फोडल्यावर वर्गभर वास पसरला. गूळ, गर आणि चमचाभर पाणी एकत्र कुस्करून बाईंनी ते गाळून घेतलं, सायीत मिसळलं, मग फेसलेली मोहरी, आणि कोबी अगदी शेवटी. मीठ वाढायच्या वेळी. “आधी मीठ घातलंत तर कोबी रडतो.”

त्या दिवशी मी घास घेतला आणि कुणी विचारायच्या आत बोलले. काय बोलले ते आठवत नाही. हौसा म्हणाली, “आगं बया, मडमला वाचा फुटली!”, एवढं आठवतं. त्यानंतर चार दिवस मी पुन्हा गप्प होते. वाचा फुटणं मला झेपलं नव्हतं.

मग ती बातमी आली. कमिटीच्या एका मडमला कुणीतरी सांगितलं की तुमच्या बाई स्वतः शिकवलेलं खात नाहीत. तिला ते अपमानाचं वाटलं. जे स्वतःच्या तोंडात घालत नाही ते दुसऱ्याला कसं शिकवणार, असं तिचं म्हणणं, आणि वरवर पाहता ते चुकीचंही नव्हतं. ठरलं असं की वर्षअखेरीच्या परीक्षेला पुण्याहून परीक्षक येतील, त्या वर्ग बघतील, आणि बाईंना ठेवायचं की नाही ते सांगतील. बाई गेल्या तर वर्गही जाणार होता, कारण दुसरी बाई मिळणार नव्हती. हौसाची मिळायची नोकरी त्याबरोबर जाणार. आणि बाई? बाई जाऊबाईंच्या हाताखाली माळीवाड्यातल्या चुलीपुढे कायमच्या बसणार. त्याबद्दल त्या एकच वाक्य बोलल्या. “तिथे मला कुणी काही विचारत नाही गं.”

परीक्षक विलायतेत शिकून आलेल्या होत्या. पाचवारी पातळ, मनगटावर घड्याळ, बोलणं थोडं आणि नेमकं. सगळ्या जोड्यांना एकच पदार्थ होता, अननसाच्या स्वादाचं कोलस्लॉ. त्या टेबलांवरून फिरत आमच्यापाशी आल्या.

“यात अननस कुठे आहे?”

“आननस लढाईवर गेलाय, बाई,” हौसा म्हणाली.

परीक्षकांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी चमचा भरून घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. वहीत काही न लिहिता त्या मोहरीबाईंकडे वळल्या आणि आमचं वाडगं त्यांच्यापुढे केलं.

“तुम्ही घ्या.”

“मी घेत नाही.”

“मला सांगितलं होतं. पटलं नव्हतं.” परीक्षकांनी वाडगं खाली ठेवलं. “मग कमी-जास्त तुम्हाला कळतं कसं?”

“मुली सांगतात.”

“कोण मुलगी?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या वर्गाने पाहिलं. परीक्षकांनीही पाहिलं आणि म्हणाल्या, “ही? मी आल्यापासून हिने नावसुद्धा सांगितलं नाही. ते या दुसरीने सांगितलं.”

“ती मुकी न्हाई, बाई,” हौसा म्हणाली. “ती थांबती.”

परीक्षकांनी वही बाजूला ठेवली. मग शेजारच्या जोडीच्या तयारीतला कोबी, साय आणि गाळलेलं कवठ एका बशीत घेऊन त्या कपाटाआड गेल्या. आम्हाला चमच्याचा आवाज तेवढा ऐकू आला. परत येऊन त्यांनी बशी माझ्यासमोर ठेवली. “यात मी एक गोष्ट चुकीची केली आहे. तू खा आणि सांग. तुमच्या बाईंनी बशीकडे बघायचं नाही, वास घ्यायचा नाही. नुसतं तुझ्या बोलण्यावरून चूक ओळखायची. ओळखली तर माझी तक्रार नाही.”

बाईंनी खुर्ची घेतली, खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि डोळे मिटले. माझ्याकडे त्यांची पाठ होती. पांढऱ्या लुगड्यावरचा तो ताठ कणा मला अजून दिसतो. त्या घाबरल्या असतील तर ते त्या पाठीला माहीत नव्हतं.

मी घास घेतला. चावला. गिळला. आणि सवयीने पहिला शब्द जिभेवर आला तो ‘बरं’. तो मी गिळला.

“हं,” बाई म्हणाल्या. “काय लागतंय?”

“कोबी... कोबी कुरकुरीत आहे. पाणी सुटलं नाही.”

“मग मीठ वेळेवर पडलंय. पुढे.”

“आंबट आहे. कडेला लागतं. गोड मागून येतं. घसा धरत नाही.”

“कवठ पिकलेलं आहे. गूळ ठीक आहे. मोहरी?”

मी पुन्हा घास घेतला. “मोहरी आहे,” मी म्हणाले. “पण चढत नाही.”

“कुठे चढत नाही?”

“नाकात. ती खालीच राहते. जिभेच्या मागे बसते. आणि...” शब्द सापडेना. मी डोळे मिटले. बाई थांबल्या, नेहमीसारख्या. एवढा सगळा निकाल त्या शब्दावर अडलेला असताना त्या घाई न करता थांबल्या. “आणि कडू आहे, बाई. तिखट नाही. जुन्या काकडीच्या देठासारखं कडू. पाणी प्यायलं तरी जाणार नाही असं.”

बाईंनी डोळे उघडले. खिडकीतून बाहेर बघतच त्या म्हणाल्या, “कोरडी पूड आहे. पाण्यात फेसलेली नाही, थेट आंबटात टाकली. आंबटात पडली की मोहरीचं डोकं उठत नाही, नुसता कडवटपणा राहतो. पूड बहुतेक डब्यातली.”

परीक्षकांनी पातळाच्या घोळातून हात बाहेर काढला. हातात मोहरीच्या पुडीचा छोटा विलायती डबा होता. पुण्याहून आणलेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि कुणी काही बोलायच्या आत हौसाने टाळी वाजवली. मग सगळ्या वर्गाने. त्या टाळ्या इतक्या वाजल्या की शेजारच्या इमारतीतला चपराशी काय झालं बघायला धावत आला.

पुढचं सगळं चांगलंच झालं, ते इथेच सांगून टाकते. बाई राहिल्या, वर्ग राहिला, आणि लढाई संपल्यावरही तो बंद झाला नाही. हौसा भिंगारच्या दवाखान्यात लागली आणि तिथल्या मोठ्या आचाऱ्याला दटावू लागली. कोबीत कवठ घालायची कृती पुण्याच्या यादीत गेली. मी पुण्याला कॉलेजात गेले, तेव्हा निरोप घ्यायला माळीवाड्यात गेले होते. बाई दारातच भेटल्या. तिथेच मला बाहेरून मागवलेली कॉफी मिळाली, बाईंनी ती मला पिऊ दिली आणि डोळे मिटून भिंतीला टेकून बसल्या. कॉफीचं सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. आत जाऊबाई भांडी आपटत होत्या. आजही जेवताना पहिल्या घासाला माझा हात थांबतो. कुणीतरी शेजारी मान कलती करून बसलंय, असं वाटतं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. टाळ्या थांबल्यावर परीक्षकांनी आमचं स्वतःचं वाडगं पुन्हा पुढे ओढलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर उघड हसू होतं. हातातलं पेन वहीवर टेकवून त्यांनी मला विचारलं, “आता हे. हे तुम्हा दोघींचं, आणि तुमच्या बाईंचं. चव तुझ्याइतकी इथे कुणाला सांगता येत नाही, तर गुणही तूच सांग. किती देऊ?”

मी हौसाकडे पाहिलं. तिने नेमका तेव्हा तोंडावर पदर धरला होता. बाई वळल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. काही सुचवत नव्हत्या, थांबल्या होत्या. माझ्या घरात, माझ्या शाळेत, कुणी स्वतःच्या वस्तूबद्दल मोठ्याने चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी वाडग्यातला आणखी एक घास घेतला, सावकाश, कारण निवाडा करायचा तर नीट करायला हवा. मग शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात मी म्हणाले,

“पैकीच्या पैकी.”